पालघर-बोईसरच्या जंगलातून सायकल न्यायची, तर परवानगी कुणाची?

पावसाळा सरला की मुंबई, वसई, विरारकडचे सायकलस्वार शनिवार-रविवारी पालघरची वाट धरतात. बहुतेकांचा ओढा केळवे, डहाणू अशा समुद्राकडच्या गावांकडे असतो. पण हाताशी जाड टायरची माउंटन बाइक असेल, तर नजर साहजिकच रेल्वेच्या पूर्वेकडच्या टेकड्यांवर जाते. तिथे जंगल आहे, चढ-उतार आहेत, पलीकडे सूर्या नदीचं खोरं आहे आणि स्टेशनही जवळ आहे.

मोबाइलवरच्या नकाशात या पायवाटा दिसतात. सायकलच्या ॲपवर कुणीतरी आधी जाऊन आलेल्याची रेघही दिसते. पण त्या रेघेवरून आपण जाऊ शकतो का? हे जंगल कुणाचं? परवानगी वनविभागाची घ्यायची की गावाची? आणि या भागात बुलेट ट्रेनपासून बंदराच्या रस्त्यापर्यंत सगळं येत असताना, एका सायकलवाटेचा एवढा विचार करायची गरज काय? एकेक प्रश्न पाहू.

ही फेरी नेमकी कुठे होते?

पालघर स्टेशनच्या पूर्वेला उत्तर-दक्षिण पसरलेली टेकड्यांची एक रांग आहे. पालघर-मनोर रस्ता ही रांग वाघोबा खिंडीत ओलांडतो. खिंडीत वाघोबाचं देऊळ आहे आणि काळदुर्ग किल्ल्याची चढाई इथूनच सुरू होते. खिंड उतरलं की मासवणजवळ सूर्या नदी लागते. पुढे मनोर आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४८. महामार्गाने उत्तरेला गेलं की चिल्हार फाटा येतो. तिथून नागझरी, बेटेगावमार्गे बोईसर, आणि बोईसरहून उमरोळीवरून परत पालघर.

डांबरी रस्त्याने ही फेरी साधारण पन्नास-साठ किलोमीटरची होते. माउंटन बाइकवाल्यांना मात्र डांबर नको असतं. त्यांना खुणावतात त्या या रस्त्यांच्या मधल्या बैलगाडीच्या वाटा, कालव्याच्या कडेचे कच्चे रस्ते आणि पाड्यांना जोडणाऱ्या पायवाटा.

या फेरीतला सर्वांत धोक्याचा तुकडा जंगलात नाही, महामार्गावर आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू याच महामार्गावर, चारोटीजवळच्या सूर्या नदीच्या पुलावर झाला होता. मनोर ते चिल्हार फाटा हा टप्पा त्याच्या दक्षिणेला असला, तरी वाहतूक तीच आहे. कंटेनर, टँकर आणि वेगातल्या गाड्यांच्या बाजूने सायकल चालवणं म्हणजे जीव मुठीत धरणं. त्यामुळे फेरी आखणारा कुणीही महामार्ग टाळायला बघतो. महामार्ग टाळला की वाट आपोआप जंगलातून आणि गावातून जाते. परवानगीचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

हे जंगल 'उपनगरात' कधी आलं?

गेल्या दहा-पंधरा वर्षांत. एप्रिल २०१३ मध्ये चर्चगेटची उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचं विभाजन होऊन पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा झाला. पालघर-बोईसर रस्त्यावर जिल्हा मुख्यालय उभं राहिलं. २०१९ मध्ये मुंबई महानगर प्रदेशाची हद्द वाढली आणि पालघर तालुकाही त्यात आला.

दुसरीकडे बोईसर-तारापूर हा पट्टा त्याआधीपासूनच औद्योगिक आहे. तारापूरचं अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून वीज देतंय. त्याच्या पुढच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं हलवावी लागली. शेजारी तारापूर एमआयडीसी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या १०० औद्योगिक क्षेत्रांचं मूल्यमापन केलं. त्यात हवा, पाणी आणि जमीन मिळून प्रदूषणाचा सर्वाधिक निर्देशांक, ९३.६९, तारापूरचा होता. हा आकडा ७० च्या वर गेला की ते क्षेत्र 'अतिप्रदूषित' मानलं जातं.

म्हणजे पश्चिमेला कारखाने आणि रेल्वे, पूर्वेला महामार्ग, आणि या दोन्हींच्या मधे टेकड्यांची व नदीची एक हिरवी पट्टी. साग, ऐन, खैर, मोह, पळस, बांबू असं हे पानझडी जंगल आहे. इथल्या लाखो लोकांसाठी मोकळ्या हवेची जवळची जागा हीच. सायकलवाटेची चर्चा म्हणूनच फक्त हौसेपुरती राहत नाही. या पट्टीचं पुढे काय होणार, हा प्रश्न तिच्यासोबत येतो.

वाट समोर दिसते, मग जायला हरकत काय?

ॲपवर रेघ दिसते, याचा अर्थ तिथून कुणीतरी गेलं होतं एवढाच. त्याने कुणाला विचारलं होतं का, हे रेघ सांगत नाही.

या फेरीत पाच-दहा किलोमीटरच्या अंतरात जमिनीचे वेगवेगळे प्रकार येतात, आणि प्रत्येकाचा नियम वेगळा आहे.

राखीव वन : भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार राखीव वनात विनापरवानगी घुसणं हाच गुन्हा आहे. तुम्ही झाड तोडलं की नुसती सायकल चालवली, हा पुढचा प्रश्न. पायवाट जुनी आहे आणि गावकरी रोज जातात म्हणून बाहेरच्यालाही आपोआप हक्क मिळतो, असं नाही. गावकऱ्यांची वहिवाट आणि पाहुण्याची मौज यात कायदा फरक करतो.

संरक्षित वन : इथे नियम थोडे सैल असतात, पण कुठे काय चालतं हे अधिसूचनेवर आणि स्थानिक वनाधिकाऱ्यावर अवलंबून असतं.

सामूहिक वनहक्काचं जंगल : २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार ज्या गावाला सामूहिक वनसंपत्तीवर हक्क मिळाला आहे, तिथे त्या गावाची ग्रामसभा महत्त्वाची ठरते. याबद्दल पुढे सविस्तर.

खासगी आणि वरकस जमीन : डोंगरउतारावरची नाचणी-वरीची शेतं, राबासाठी राखलेल्या जागा, गवताची कुरणं. कुंपण नसतं म्हणून ती मोकळी वाटतात. मालक असतोच.

कालव्याकडचे रस्ते : सूर्या प्रकल्पाच्या कालव्यालगतचे कच्चे रस्ते सायकलला उत्तम वाटतात, पण ते पाटबंधारे खात्याच्या देखभालीसाठी असतात.

यात भर म्हणजे खैराची चोरी. काताच्या धंद्यामुळे खैराला भाव आहे आणि पालघरच्या जंगलात खैरतस्करीविरुद्ध वनविभागाच्या कारवाया सुरूच असतात. अंधारात डोक्याला दिवे लावून जंगलात शिरलेली टोळी दिसली, तर वनरक्षक किंवा गावकरी आधी काय समजतील, याचा विचार सायकलस्वारांनी करायला हवा.

ग्रामसभेचा इथे संबंध काय?

पालघर जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा हे तालुके पूर्ण, तर पालघर तालुक्यातली ठरावीक गावं. या गावांना १९९६ चा पेसा कायदा आणि त्याखालचे राज्याचे २०१४ चे नियम लागू आहेत. त्यानुसार गौण वनोपजावर ग्रामसभेची मालकी आहे आणि गावाच्या संसाधनांबद्दल तिचं मत घ्यावं लागतं.

त्याहून नेमकी तरतूद वनहक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे. सामूहिक वनसंपत्तीत कुणी यायचं, कसं यायचं याचं नियमन करण्याचा आणि जंगलाला बाधा आणणारी गोष्ट थांबवण्याचा अधिकार हे कलम ग्रामसभेला देतं. सायकलवाटेचा प्रश्न तंतोतंत याच चौकटीत बसतो.

याच कायद्याच्या कलम ३(२) मध्ये गावाच्या सोयीच्या १३ गोष्टींची यादी आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, पाण्याची योजना, रस्ता वगैरे. यासाठी ग्रामसभेच्या शिफारशीने, प्रत्येक वेळी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वापरता येते. पर्यटनासाठीचा सायकल ट्रॅक या यादीत नाही. 'रस्ता' या नावाखाली तो बसवणं ही पळवाट ठरेल.

वनविभागाकडे मात्र एक नवा मार्ग आहे. वनसंवर्धन कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. कार्ययोजनेत समाविष्ट असलेल्या इको-टुरिझमच्या सुविधा आता 'वनेतर वापर' मानल्या जात नाहीत. म्हणजे वनविभागाने मनावर घेतलं, तर सायकलवाट आखणं पूर्वीपेक्षा सोपं आहे. अडचण अशी की ही सोय कागदावर ग्रामसभेला वळसा घालूनही वापरली जाऊ शकते. मग उद्या फाटकावर तिकीट लागेल, आणि रोज मोळी आणायला जाणाऱ्या बाईलाच 'कुठे चाललीस' असं विचारलं जाईल. लोकांना भीती आहे ती याची.

ही भीती उगाच नाही. या वाटा रिकाम्या नसतात. जूनच्या पहिल्या पावसात इथे शेवळं काढायला लोक जातात. उन्हाळ्यात मोहाची फुलं वेचली जातात. सरपण, गुरं, बाजारहाट, पाड्यावरून शाळेला जाणारी मुलं, सगळ्यांचा रस्ता तोच. उतारावरून ताशी तीस किलोमीटरने येणारी सायकल आणि डोक्यावर मोळी घेतलेली बाई एकाच अरुंद वाटेवर समोरासमोर आल्या, तर बाजूला कुणी व्हायचं?

सूर्येच्या खोऱ्यात काय वेगळं आहे?

सूर्या नदी जव्हारकडच्या डोंगरात उगम पावते, आधी पश्चिमेला आणि मग दक्षिणेला वाहत वैतरणेला मिळते. तिच्यावर धामणी धरण आणि खाली कवडासचा बंधारा आहे. हा प्रकल्प मुळात सिंचनासाठी आखला गेला होता. आज मासवणजवळून पालघर शहराला आणि आसपासच्या गावांना पाणी जातं, वसई-विरारलाही जातं. एमएमआरडीएच्या प्रादेशिक योजनेतून दररोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला देण्याचं ठरलं आहे. त्यासाठी मेंढवण खिंडीखालून आणि तुंगारेश्वरच्या डोंगराखालून बोगदे खणले गेले.

आमच्या खोऱ्यातलं पाणी शहराला, मग आमच्या शेताला किती, हा इथला जुना वाद आहे. अशा ठिकाणी शहरातून आलेला सायकलस्वार हा केवळ पाहुणा उरत नाही. ज्यांच्याकडे पाणी गेलं, तेच आता मोकळी हवा घ्यायलाही आले, असं गावाला वाटू शकतं. नदीकाठी वाट आखणाऱ्याला हा इतिहास माहीत असलेला बरा.

वाघोबा खिंडीतल्या वाघोबाचं काय?

पालघर-मनोर रस्त्यावर अनेक वाहनचालक खिंडीतल्या देवळाशी क्षणभर थांबून हात जोडतात. वारली समाजात वाघोबा हा वाघ-बिबट्याचा देव. वाघबारसेला त्याची पूजा होते. पालघर, ठाणे आणि मुंबई उपनगरातल्या वाघोबाच्या ठाण्यांचा अभ्यास करून संशोधकांनी २०२१ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. देवाला मान दिला, की तो आपलं आणि गुराढोरांचं रक्षण करतो, ही श्रद्धा माणूस आणि बिबट्याच्या सहजीवनाला कसा आधार देते, हा त्याचा विषय होता.

सायकलस्वारासाठी यातला धडा व्यवहाराचा आहे. या जंगलात बिबट्या आहे. तो पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त फिरतो. सायकल आवाज न करता वेगाने येते, त्यामुळे जनावराला सावध व्हायला वेळ मिळत नाही. म्हणून उजाडल्यावर निघणं, दिवस मावळायच्या आत बाहेर पडणं आणि वळणावर घंटी वाजवणं हे साधे नियम. वाघोबाचं ठाणं दिसलं तर ती उडी मारायची जागा नाही, हे सांगायला नकोच.

सायकलमुळे जंगलाचं खरंच नुकसान होतं का?

आखलेल्या, कोरड्या वाटेवर सायकलमुळे होणारी झीज चालणाऱ्यांमुळे होणाऱ्या झिजेपेक्षा फार वेगळी नसते, असं जगभरच्या अभ्यासांतून दिसतं. नुकसान होतं ते तीन कारणांनी. ओल्या मातीत करकचून ब्रेक मारल्याने, चिखल टाळायला बाजूने गेल्यामुळे वाट रुंद होत गेल्याने, आणि थराराच्या शोधात उतारावरून सरळ खाली नव्या वाटा पाडल्याने.

पालघरमध्ये पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. उतारावर सरळ खाली जाणाऱ्या चाकोरीचा एका पावसात ओहोळ होतो आणि माती खालच्या शेतात जाते. वाट बांधणारे जाणकार म्हणूनच दोन नियम सांगतात. वाटेचा चढ सरासरी दहा टक्क्यांच्या आत ठेवा, आणि तो डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. म्हणजे पाणी वाट ओलांडून जातं, वाटेने धावत नाही.

या हिशेबाने इथला सायकलचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच. जून ते सप्टेंबर माती ओली असते, ऑक्टोबरमध्ये भातकापणी चालते, आणि मार्चनंतर वाळलेल्या पाचोळ्याला वणव्याचा धोका असतो.

बाकीचं जग काय करतं?

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने बहुतेक जमिनीवर, जबाबदारीने वागण्याच्या अटीवर, पायी किंवा सायकलने जाण्याचा हक्क सर्वांना दिला. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात उलट आहे. तिथे जंगलातल्या दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकलला मनाई आहे.

आपल्याला जवळचं उदाहरण न्यूझीलंडचं. रोटोरुआ शहराला लागून वाकारेवारेवा नावाचं जंगल आहे आणि माउंटन बाइकसाठी ते जगभर प्रसिद्ध आहे. त्याच्या मोठ्या भागाखालची जमीन २००८ च्या तडजोड कायद्यानंतर माओरी जमातींना परत मिळाली. सायकलवाटा बंद झाल्या नाहीत. मात्र जमिनीच्या मालकांशी बोलल्याशिवाय तिथे काही ठरत नाही. पालघरची परिस्थिती वेगळी आहे, पण आदिवासींचा हक्क आणि सायकलवाट एकत्र नांदू शकतात एवढं त्यावरून कळतं.

मोठे प्रकल्प चालतात, मग सायकलच का खुपते?

हा प्रश्न रास्त आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनची विरार आणि बोईसर अशी दोन स्थानकं याच जिल्ह्यात आहेत. तिच्या मार्गासाठी मुंबई, ठाणे, पालघरमधली सुमारे २० हजार कांदळवनाची झाडं तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली. मालवाहतुकीचा स्वतंत्र रेल्वेमार्ग आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग इथूनच जातात. वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये झालं, आणि बंदराला महामार्गाशी जोडणारा सुमारे ३२ किलोमीटरचा रस्ता आखला गेला आहे.

या सगळ्यापुढे दोन फुटांची सायकलवाट ती काय? नुकसानीच्या हिशेबात काहीच नाही. पण प्रकल्पांसाठी निदान कागदोपत्री तरी अर्ज, सुनावणी, परवानगी, भरपाई असते. सायकलवाट कुणालाही न विचारता पडते. मग तिच्या तोंडाशी टपरी येते, टपरीजवळ पार्किंग, पार्किंगलगत रिसॉर्टची पाटी, आणि पाड्याकडच्या जमिनीला गिऱ्हाईक. लोणावळा-कर्जत पट्ट्यात हा क्रम लोकांनी पाहिला आहे.

दुसरी बाजूही आहे. ज्या जंगलात कुणी जात नाही, त्याच्या बाजूने बोलायलाही गावाबाहेरचं कुणी नसतं. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या रस्त्याला विरोध उभा राहिला, कारण रोज तिथे जाणारी हजारो माणसं होती. बोईसरच्या कामगाराची मुलगी किंवा पालघरच्या कॉलेजचा मुलगा या टेकडीवर नियमाने जाऊ लागला, तर उद्या तिच्यावर खाणीचा किंवा रस्त्याचा घाला आला तेव्हा गावाच्या सोबत उभे राहणारे चार जास्त लोक मिळतील. नीट केलेल्या सायकलवाटेचा सर्वांत मोठा फायदा हाच असेल.

मग करायचं काय?

- नवी वाट पाडू नका. जुन्या बैलगाडीच्या आणि गावजोड वाटा पुरेशा आहेत.
- जंगलात शिरण्याआधी त्या भागाच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. जमीन राखीव आहे की नाही, ते तिथेच कळेल.
- गट मोठा असेल किंवा स्पर्धा भरवायची असेल, तर ग्रामसभेचा ठराव घ्या. एकट्या सरपंचांचं पत्र म्हणजे ठराव नव्हे.
- पैसे घेऊन सहली नेणाऱ्यांना राज्याचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरण लागू आहे. नोंदणी, प्रशिक्षित माणूस आणि प्रथमोपचाराची तयारी हवी.
- वाटेवर समोरून माणूस किंवा गुरं आली, तर उतरून सायकल बाजूला घ्यायची ती आपण.
- राखीव वनातल्या किंवा पाड्यामागच्या वाटांची नोंद ॲपवर सार्वजनिक करू नका.
- तारापूरच्या बाजूला अणुऊर्जा केंद्राच्या परिसरात ड्रोनचा विचारही नको.

गावासाठीही एक गोष्ट आहे. ज्या गावांकडे सामूहिक वनहक्क आहे, त्यांनी आपल्या जंगलाच्या व्यवस्थापन आराखड्यातच लिहून ठेवावं की बाहेरचे लोक कोणत्या वाटेने, कोणत्या महिन्यांत, किती संख्येने येऊ शकतात आणि त्यातून आलेला पैसा कुठे जाईल. हवं तर 'येऊ नये' असंही लिहावं. तोही ग्रामसभेचा हक्क आहे.

या पट्ट्यात जमिनीचे भाव आणि नकाशे झपाट्याने बदलत आहेत. आज पालघर-बोईसरमध्ये सायकलस्वार थोडे आहेत आणि गावं बोलायला तयार होऊ शकतात. बंदर आणि बुलेट ट्रेनसोबत गर्दी वाढल्यावर नियम करायला बसलं, तर तोवर कोणती वाट कुणाची हे दुसऱ्याच कुणीतरी ठरवून टाकलेलं असेल. म्हणून ज्यांना या खोऱ्यात पुढची वीस वर्षं सायकल चालवायची आहे, त्यांनी या हंगामात आधी त्या वाटेवरच्या गावाच्या ग्रामसभेची तारीख विचारून घ्यावी.